वीरांच्या आया

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर एक लांबलचक ब्राह्मी लेख आहे. तो सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षातला. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी पराक्रमात राम, केशव, अर्जुन, भीमसेनासारखा, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलेलं. आईचंच कौतुक ते, थोडं जास्त होणारच! पण अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला रुचत नसे, आईची सेवा तो कधी चुकवत नसे, हेही तिथे कोरलंय. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

मेसोपोटेमियाच्या गिल्गामेश महाकाव्यातही अशी आई आहे, निन्सुन. जिवाचा सोबती भेटणार, हे मुलाच्या स्वप्नांवरून तीच ओळखते. पुढे गिल्गामेश आणि तो सोबती, एन्किदू, देवदारांच्या वनात तिथल्या राखणदार हुंबाबाशी लढायला निघतात. तेव्हा ती न्हाऊन, दागिने घालून गच्चीवर जाते, धूप जाळते आणि सूर्यदेव शमाशला चक्क जाब विचारते, की माझ्या मुलाला असं अस्वस्थ मन दिलंस कशाला? मग रानात वाढलेल्या, आईबापाविना असलेल्या एन्किदूला ती मुलगा मानते, त्याच्या गळ्यात तशी खूण बांधते. वनाची वाट त्याच्या पायाखालची, म्हणून पुढे चालायचं तेही त्यानेच.