अर्देशीर कर्सेटजी वाडिया : हत्यार आणि विद्या
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान कार्यकारी मंडळाने मला दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. अशा वेळी आपल्याच ज्ञातीतील एखाद्या दिवंगत पुरुषाचे गुणवर्णन करण्याचा प्रघात आहे. आज मी तो प्रघात किंचित मोडणार आहे. अर्देशीर कर्सेटजी वाडिया हे जन्माने पारशी होते. परंतु वाकस, रंधा आणि ऐरण यांवर ज्या समाजाच्या पिढ्यान् पिढ्या जगल्या, विश्वकर्मा हा ज्याचा कुलपुरुष, त्या समाजाला त्यांचे स्मरण परके वाटण्याचे कारण नाही. वाडिया हे आडनावच मुळी जहाजबांधणीच्या धंद्यावरून पडलेले आहे.

या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. पुढे शतकाहून अधिक काळ त्यांच्या वंशजांनी येथे सागवानी जहाजे बांधली. १८१३ मध्ये बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर १८४२ साली इंग्रज व चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ तर इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षे टिकणारे काम करणाऱ्या हातांची थोरवी मी आपणांस वेगळी सांगावयास नको.

अशा घरात १८०८ साली अर्देशीर जन्मले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, वडिलांच्या हाताखाली गोदीत दाखल झाले. वाडवडिलांचे कसब व त्यांचा लौकिक एवढ्या भांडवलावर त्यांचा जन्म सुखाने गेला असता. पण काळ पालटत होता. १८३० मध्ये मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट येथून सुएझला गेली. तिचा सांगाडा मुंबईचा होता. तिची यंत्रे मात्र इंग्लंडची होती. देह आपला आणि प्राण परक्याचा, अशी ती स्थिती! तरुण अर्देशीर यांचे चित्त या प्राणाकडे, म्हणजे वाफेच्या यंत्राकडे, ओढले गेले. घराण्याची सारी कीर्ती लाकडात असता त्यांनी लोखंडाची विद्या धरली, हे त्यांच्या चरित्रातील पहिले मर्म होय.

१८३३ साली, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडस’ नावाची साठ टनांची लहान नौका बांधली व तिला वाफेचे यंत्र बसविले. पुढच्याच वर्षी माझगाव येथील आपला बंगला व बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळली. मुंबईत असा उजेड पूर्वी कोणी पाहिलेला नव्हता. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी स्वतः येऊन तो पाहिला आणि पोशाख देऊन त्यांचा गौरव केला.

घरी जे शिकता येईल ते शिकून झाले, तेव्हा १८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले. सुएझपर्यंत बोटीने, तेथून मिसर देश ओलांडून अलेक्झांड्रियास, व पुन्हा समुद्रमार्गे, असा तो प्रवास होता. त्याची दैनंदिनी १८४० साली लंडनमध्ये छापली गेली. तेथे त्यांनी कारखाने व गोद्या नजरेखालून घातल्या; राणी व्हिक्टोरियाची भेटही त्यांना घडली. कंपनीच्या संचालकांनी त्यांची मुंबईच्या आगबोट कारखान्यात मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून नेमणूक केली.

बंधूंनो, ती १८४१ सालची गोष्ट आहे हे ध्यानी घ्या. या कारखान्यात इंग्रज फोरमन होते, इंग्रज यंत्रकार व बॉयलर बनविणारे होते, आणि त्या सर्वांचा वरिष्ठ एक हिंदी मनुष्य होणार होता! मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने उघड शंका काढली की, एतद्देशीय माणूस कितीही शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांना तो ताब्यात कसा ठेवील? या प्रश्नाचे उत्तर अर्देशीर यांनी कामाने दिले. १ ऑगस्ट १८५७ रोजी निवृत्त होईपर्यंत, सोळा वर्षे, त्यांनी ती जागा सांभाळली.

त्याच वर्षी, २७ मे १८४१ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या नावाच्या शिफारशीत जहाजबांधणीच्या शास्त्राचे व कृतीचे ज्ञान, माझगावचा गॅस आणि साठ टनांची नौका यांचाच उल्लेख होता. दुसऱ्या हिंदी माणसाला, गणिती रामानुजन यांना, हा मान मिळावयास १९१८ साल उजाडावे लागले. रामानुजन केवळ बुद्धीच्या बळावर तेथे पोहोचले. अर्देशीर बुद्धीला हाताची जोड देऊन पोहोचले.

१८४९ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि लाकूड कापण्याची यंत्रे घेऊन आले. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे सारे भाग त्यांच्या घरच्या कारखान्यात घडविले होते. अठरा वर्षांपूर्वी मनाशी धरलेला हेतू असा सिद्धीस गेला. आणि या नव्या बोटीला नाव दिले ते जुन्या घराण्याचे! शिवणयंत्र, छायाचित्रण व विजेने मुलामा देण्याची कला याही गोष्टी मुंबईत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. निवृत्तीनंतर ते इंग्लंडात राहिले. मध्यंतरी १८६१ ते १८६३ सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील बोटींच्या कामावर होते. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता दोन शब्द स्वतःविषयी, म्हणजे आपणा सर्वांविषयी. आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘बापाचे हत्यार सोडू नका’. आणि मुले म्हणतात, ‘हातात हत्यार धरले की मान जातो.’ अर्देशीर यांचे चरित्र दोघांनाही उत्तर देते. बापाचे हत्यार जसेच्या तसे धरून बसले असते, तर सागवानी जहाजांबरोबर तेही मागे पडले असते. ते टाकून कारकुनीच्या खुर्चीवर बसले असते, तर रॉयल सोसायटीला त्यांचे नावही कळले नसते. त्यांनी हत्याराला विद्येची धार लावली. आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देते, हे भूषणावह आहे. माझी नम्र विनंती एवढीच की, त्यांत एक पारितोषिक यंत्रशाळेत उत्तम काम करणाऱ्या मुलासाठी अथवा मुलीसाठी असावे, आणि ते इतर पारितोषिकांच्या शेवटी न देता आरंभी द्यावे.