दिसणारे तारे आज आहेत का?



ज्या कोल्हापुरात १९३८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म झाला, तिथे आकाशाविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. अलीकडे एक वाक्य मोबाइलवर फार फिरतं : रात्री आपण पाहतो ते तारे केव्हाच मरून गेलेले असतात. शाळकरी मुलं ते मला मोठ्या विश्वासाने ऐकवतात. ऐकायला छान वाटतं, पण ते जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. का, तेच आज सांगायचं आहे.

अंबाबाईच्या किरणोत्सवापासून सुरुवात करू. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, देवीच्या चरणांवर पडतात आणि हवा स्वच्छ असेल तर मुखापर्यंत चढतात. चरणांवर पडलेला तो प्रकाश सूर्यावरून निघून सुमारे ८ मिनिटं २० सेकंद झालेली असतात. म्हणजे सगळे भाविक आठ मिनिटांपूर्वीचा सूर्य पाहत असतात. तरी ‘सूर्य आत्ता असेल का?’ अशी शंका कोणाच्या मनात येत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याचं आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचं, आणि त्यातली ४६० कोटीच उलटलेली, तो नेमका या आठ मिनिटांत कसा विझेल? ताऱ्यांनाही हाच हिशेब लावायचा. प्रकाशाला वाटेत किती वर्षं लागली आणि ताऱ्याचं आयुष्य किती, एवढंच बघायचं.

चैत्रात अंधार पडला की पश्चिमेला मृग कललेला दिसतो. त्याच्याजवळचा तेजस्वी व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. रोहिणी ६५ वर. तिचा आज डोळ्यांत शिरणारा प्रकाश निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. दक्षिणेला क्षितिजाजवळचा अगस्त्य सुमारे ३१० वर. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा ताराराणींनी उभी केलेली करवीरची गादी अगदी नवी होती. ध्रुवाचा प्रकाश तर शिवरायांच्या जन्माआधीचा. आपल्याला तीनशे-चारशे वर्षं म्हणजे केवढा इतिहास! पण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या बहुतेक ताऱ्यांची आयुष्यं कोटी वर्षांत मोजावी लागतात, आणि त्यांतले बहुतेक दोन हजार प्रकाशवर्षांच्या आतच आहेत. ते आहेत, जागच्या जागी जळताहेत. आपल्यापर्यंत आलेली खबर तेवढी जुनी.

मग संशय घ्यायचाच तर कोणावर? मृगातल्या तांबूस काक्षीवर. हा फुगलेला, म्हातारा तारा आहे. २०१९ च्या अखेरीस तो मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचं तेज निम्म्याहूनही कमी झालं. आता स्फोट होणार, असं जगभर बोललं गेलं. पुढे उलगडा झाला तो असा की ताऱ्यानेच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. काक्षीचा स्फोट येत्या लाखभर वर्षांत होईल, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज. त्याचं अंतर ५५० ते ७०० प्रकाशवर्षं. आता गणित करा : त्या लाख वर्षांपैकी वाटेतली सहाशे धरली, तर तो आधीच फुटलेला असण्याची शक्यता हजारात सहा. सगळ्यांत संशयास्पद ताऱ्याची ही गत, तर इतरांविषयी काय बोलावं?

त्या वाक्याला न्याय मिळतो तो फार दूर गेल्यावर. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला एक निळा तारा दुर्बिणीच्या छायाचित्रांत टिपला गेला, यादीत नोंदला गेला. तो १.६८ लाख प्रकाशवर्षांवर होता. फेब्रुवारी १९८७ मध्ये त्याच्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोचला. म्हणजे शास्त्रज्ञ त्याला क्रमांक देत होते तेव्हा तो लाखाहून अधिक वर्षांपूर्वी संपलेला होता! हे मला आजही थक्क करतं. पण तो तारा नुसत्या डोळ्यांना कधी दिसतच नव्हता, हे विसरू नका.

त्या स्फोटाची पहिली खूण मात्र पृथ्वीवर प्रकाशाने आणली नाही. प्रकाश ताऱ्याच्या थरांतून वाट काढत बाहेर येईपर्यंत न्यूट्रिनो कण सटकून निघाले होते. जपानमध्ये कामिओकाच्या खाणीत, जमिनीखाली एक किलोमीटरवर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत ते सुमारे तीन तास आधी नोंदले गेले. काक्षी खरोखर फुटला, तर पंचगंगेच्या घाटावरून तो भर दिवसा दिसेल; पण त्याचा सांगावा डोळ्यांच्या आधी अशाच एखाद्या टाकीत आलेला असेल.