फलाटावरचा गाळा कोणाचा?



इटारसी, हुबळी नाहीतर सिकंदराबादला नोकरी करणारे आम्ही लोक. रजा संपवून गाडीत बसतो तेव्हा पिशवीत सोलापुरी शेंगदाण्याची चटणी किंवा कोकमाचं आगळ असतंच. गावच्या मालाला गिऱ्हाईक आहे, हे आम्हाला कोणी सांगायला नको. प्रश्न आहे तो पैसा कोणाच्या हाती पडतो याचा.

या बाबतीत जपानमधल्या ओयामा गावाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतातलं हे डोंगराळ गाव, सपाट जमीन फार थोडी. सरकार भात पिकवा म्हणत होतं, तेव्हा १९६१ साली गावाने आणि तिथल्या सहकारी संस्थेने उमे नावाचं आंबट फळ आणि चेस्टनट लावायचं ठरवलं. घोषणा अशी, की ही झाडं लावू आणि हवाई बेटांची सहल करू! ऐकून हसू येतं. पण गावकरी खरोखरच हवाईला जाऊन आले. पुढे १९७९ साली गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सू यांनी प्रांतभर 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ सुरू केली, तिच्यामागे ओयामाचाच अनुभव होता.

१९९० साली ओयामाच्या संस्थेने स्वतःचा बाजार उघडला. माल आणणारा शेतकरी, भाव ठरवणारा शेतकरी, पाकिटावर नावही त्याचंच. संस्था फक्त आपलं कमिशन कापून घेते. शहरातली कुटुंबं मोटारी काढून तिथे खरेदीला येतात. आधी माल, मागून पाहुणे. आमच्याकडे आधी रिसॉर्ट उभं राहतं आणि गावकरी तिथे वेटर होतो!

आपल्या रेल्वेनेही २०२२ साली 'एक स्थानक, एक उत्पादन' योजना आणली. योजना चांगली आहे, आमचा तिला पाठिंबाच आहे. मात्र गाळे थोड्या मुदतीसाठी आळीपाळीने दिले जातात. गिऱ्हाईकाला चव लागेपर्यंत बचत गटातल्या बाईने गाशा गुंडाळायचा, आणि कागदपत्रांत तरबेज असलेल्या व्यापाऱ्याने तिच्या नावावर पुढचा अर्ज करायचा, असं होता कामा नये.

सहकार आम्हाला परका नाही. पतपेढीचे सभासद आम्ही आहोतच. येत्या दिवाळीचा फराळ पतपेढीमार्फत थेट बचत गटांकडून का घेऊ नये? पार्सल पोहोचवायला आपले पोस्टातले बंधू आहेत. आणि रोज फलाटावरून जाताना गाळ्यावरच्या माणसाला एवढंच विचारा, माल कोणी केला? उत्तर काय मिळतं ते शाखेच्या पुढच्या बैठकीत सांगा.