डोंगरवाटेवरील श्वानसोबती
(मंडळाच्या सहल-शाखेपुढे केलेले भाषण)



राजपूरहून झडीपानीमार्गे मसुरीस चढणारी जुनी पायवाट येथील बहुतेकांच्या पायाखालची आहे. अलीकडे या चढणीवर सभासदांबरोबर त्यांची कुत्रीही दिसू लागली, म्हणून चिटणीसांनी आम्हांस हा विषय नेमून दिला. धर्मराजाच्या मागोमाग एक कुत्रा हिमालय चढला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या तळव्यांची काय अवस्था झाली, याची चौकशी मात्र कोणी केल्याचे आढळत नाही.

कुत्रा थकवा, तहान, वेदना सोसून धन्यामागे चालतच राहतो; थांबावयाचे केव्हा, हे आपणच ठरवावे लागते. सर्वांत मोठा धोका उन्हाचा. त्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो अंग थंड राखतो. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही. त्यांना चढणीवर नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले की जिवाशी गाठ असते. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, पाय लटपटले, तर तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतीत राहावे व वारा घालावा. ओला पंचा पांघरून ठेवू नये. त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी द्यावे. हुशारी आली तरी पशुवैद्यांकडे न्यावेच, कारण आतील अवयवांची हानी काही तासांनीही प्रकट होते.

तळवा कापल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन, कापड पाच मिनिटे न उचलता दाबून धरावे. दुखावलेला कुत्रा धन्यासही चावतो; म्हणून आधी पट्टीने तोंड सैलसर बांधावे. मात्र धाप लागली असेल वा उलटी होत असेल, तर बांधू नये. पावसाळ्यात एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त आले, तर आत जळू शिरल्याचा संशय घ्यावा. ती काढणे पशुवैद्यांवर सोपवावे. सर्पदंशावर आवळपट्टी नको, चिरा नको. कुत्र्यास न चालविता उचलून न्यावे.

आपल्या औषधांच्या पेटीतील पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन त्यास कदापि देऊ नये. शिदोरीचेही तेच. कांद्याची भजी, चॉकलेट, आणि आपल्या चिवड्यातले बेदाणेसुद्धा त्यास विषासमान आहेत. मुले प्रेमाने भरवितात, तिकडे लक्ष असावे.

राहिला बिबट्या. संध्याकाळी कुत्र्यास पुढे पळू देऊ नये, साखळीला लावून आपल्या घोळक्यातच चालवावे. येथील मेंढपाळ भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात ते याच भयाने, कारण बिबट्या मानेलाच धरतो. आपल्या पामेरियनांना तसला पट्टा पेलणार नाही. तेव्हा चारच्या सुमारास उतरणीस लागावे हे बरे.