माशांच्या सोबतीला कोळंबी

कोळंबी म्हटले की कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते जेवणाचे ताट. हाच प्राणी नुसता पाहण्यासाठी दिवाणखान्यातल्या काचपेटीत पाळला जातो, त्याला पालकाचे उकडलेले पान भरवले जाते आणि त्याच्या बाळंतपणाची काळजी वाहिली जाते, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. तथापि गेल्या तीन-चार दशकांत गोड्या पाण्यातील या चिमुकल्या कोळंबीने माशांच्या शौकिनांना चांगलेच वेड लावले आहे.

पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी दोन विशेष लोकप्रिय आहेत. पहिली तांबडी ‘चेरी’. हिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी असून तैवान आणि चीनमधील ओढ्यांत ती मूळची मातकट, तपकिरी रंगाची असते. तिचा माणकासारखा लाल रंग ही पैदास करणाऱ्यांनी निवडून निवडून साधलेली किमया होय. मादी फार तर तीन सेंटिमीटर लांब होते. दुसरी जात जपानकडील ‘अमानो’. ताकाशी अमानो (1954–2015) या जपानी छायाचित्रकाराने 1980 च्या दशकात आपल्या वनस्पतींनी सजवलेल्या टाक्यांतील शेवाळ खाऊन टाकण्यासाठी हिचा उपयोग केला आणि तेव्हापासून त्याचेच नाव तिला चिकटले. मळकट रंगाची, अंगावर ठिपके असलेली ही कोळंबी दिसायला साधी. पण शेवाळ साफ करण्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही.

या दोघींच्या संसारात मात्र महदंतर आहे. चेरी वीस-तीस अंडी पोटाखालच्या पायांत धरून तीन-चार आठवडे त्यांना वारा घालीत बसते आणि त्यांतून आईचीच हुबेहूब प्रतिकृती अशी पिल्ले बाहेर पडतात. अमानोची अंडी हजार-दोन हजार. पण त्यांतून निघणारे डिंभक गोड्या पाण्यात वाढतच नाहीत. ओढ्याच्या प्रवाहाबरोबर ते समुद्राकडे वाहत जातात, खारट पाण्यात वाढतात आणि मग पुन्हा नदी चढतात. आपल्याकडील नद्यांत सापडणाऱ्या मोठ्या कोळंबीचेही असेच आहे. तिच्या डिंभकांना मचूळ पाणी लागते, हे मलायात शाओ-वेन लिंग यांनी 1961 च्या सुमारास ओळखले आणि त्यानंतरच तिची शेती शक्य झाली. घरच्या टाकीत पिल्ले पाहण्याची हौस असेल तर चेरीच आणावी.

आता मुख्य प्रश्न माशांचा. या बाबतीत माशाचा स्वभाव विचारण्यापेक्षा त्याच्या तोंडाचा घेर पाहावा. तोंडात जे मावेल ते खाद्य, एवढेच माशाचे तत्त्वज्ञान असते. एंजल, गोल्डफिश आणि सिक्लिड कुळातील बहुतेक मासे यांच्याबरोबर चेरी सोडणे म्हणजे त्यांना महागडा फराळ वाढणे होय. फायटर माशाचा नेम नाही. एखादा महिनोन्‌महिने शेजारधर्म पाळतो, दुसरा पहिल्याच रात्री टाकी रिकामी करतो. गप्पी, निऑन टेट्रा, लहान रासबोरा हे मोठ्या कोळंबीला सहसा इजा करीत नाहीत, पण तिची पिल्ले टिपतात. ज्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवावा असा जवळजवळ एकच मासा, तो म्हणजे शेवाळ चाटून राहणारा चिमुकला ओटोसिंक्लस.

यावर उपाय आहे, तो धीराचा. टाकीत जावा मॉसचे दाट झुबके लावावेत, देशी बदामाची वाळून गळलेली पाने धुऊन तळाशी घालावीत आणि आधी कोळंबीच सोडावी. पानांवर जो बुळबुळीत थर धरतो तो पिल्लांचे दूध-भात आहे. दोन-तीन महिन्यांत वसाहत वाढली की मग मोजके मासे आणावेत. काही पिल्ले जातील, काही मॉसमध्ये दडून वाढतील. हा हिशेब ज्याला मानवत नाही त्याने मासे आणूच नयेत. पुष्कळ जण नेमके उलट करतात. भरल्या टाकीत दहा कोळंब्या सोडतात आणि आठवड्याने दुकानदाराला दोष देतात.

माशांपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे तांबे. आपल्या घरांत तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी आरोग्यदायी मानतात. कोळंबीला ते बाधू शकते. माशांच्या रोगांवरील कित्येक औषधांत मोरचूद असते. त्या मात्रेने मासा बरा होतो आणि त्याच टाकीतील कोळंबी दगावते. म्हणून आजारी माशाला उपचारासाठी वेगळ्या भांड्यात काढावे. डासांवरील फवाऱ्यांचेही तसेच. कोळंबी ही किड्यांची दूरची नातलग असल्यामुळे जे विष डासाला मारते ते तिलाही सोडीत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन एक दिवस पाणी उघडे ठेवल्यास उडून जातो; क्लोरामीन मात्र तसा जात नाही, त्याला दुकानातले औषधच घालावे लागते.

नवशिक्याची एक हमखास फसगत होते. सकाळी टाकीच्या तळाशी कोळंबीचे निश्चल शरीर दिसते आणि घरात हळहळ सुरू होते. नीट पाहिले तर ते काचेसारखे पारदर्शक, आतून पोकळ असते. ती नुसती टाकलेली कात होय. मेलेली कोळंबी शिजवल्यासारखी अपारदर्शक, गुलाबट दिसते. कात काढून टाकू नये, कारण त्यातील चुना त्याच कोळंब्या पुन्हा खातात. कात टाकल्यावर एक-दोन दिवस कवच मऊ असते, तेव्हा ती दडून बसते आणि याच वेळी माशाचा घास होण्याचे भय सर्वांत अधिक. मादीने कात टाकली की नर एकाएकी सैरावैरा पोहू लागतात; पुढे थोड्याच वेळात तिच्या पोटाखाली अंडी दिसतात. कोकणातील जांभ्या दगडाच्या मुलखात पाणी मऊ असते. तेथे कवच कच्चे राहू नये म्हणून शिंपल्याचे तुकडे टाकीत ठेवणे हिताचे.

टाकी मांडून पाणी भरले की लगेच प्राणी सोडू नयेत. विष्ठेपासून होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू वाळूत व स्पंजच्या गाळणीत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. गाळणी स्पंजचीच हवी, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात. आणलेली कोळंबी टाकीत एकदम ओतू नये; तिच्या भांड्यात टाकीतील पाणी शंकराच्या पिंडीवरील अभिषेकपात्राप्रमाणे थेंबथेंब तासदीड तास पडू द्यावे. पुढे पाणी बदलतानाही एका वेळी दशांशापेक्षा फारसे अधिक बदलू नये. इंदूर-हैदराबादकडच्या उन्हाळ्यात पाणी तीस अंशांवर चढते आणि त्यातील प्राणवायू घटतो. अशा वेळी हवेचा पंप चालू ठेवावा, झाकणाऐवजी जाळी घालावी आणि टाकीवरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात.

वसाहत फार वाढली तर जादा कोळंबी दुसऱ्या शौकिनाला द्यावी, ओढ्यात किंवा विहिरीत मुळीच सोडू नये. जर्मनी आणि पोलंडमध्ये वीजकेंद्रांच्या कोमट पाण्यात चेरीने आपले बस्तान बसवले आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत कॅरिडिना प्रजातीतील आपली स्वतःची कोळंबी राहते; पावसाळ्यानंतर एखाद्या निवळ डोहातील दगड उलटला, तर पाण्याच्याच रंगाची ती क्षणभर दिसते आणि नाहीशी होते.