दारी आलेले आजारी मांजर
(केंद्रस्तरीय शिक्षक संमेलनातील भाषण)



पटनोंदणी, वाचन आणि मूल्यमापन अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला आज मांजर येऊन बसलेले पाहून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. पण मांजर हे बोलावल्यावाचून येणारेच जनावर आहे, आणि शाळेत अन्न शिजू लागल्यापासून ओसरीवर ते हमखास येते. त्यातले एखादे आजारी निघाले, की मुले त्याला दप्तरांच्या आड लपवितात आणि गुरुजी म्हणतात, “बाहेर नेऊन टाका ते.” या प्रसंगी काय करता येण्यासारखे आहे, एवढेच मला बोलावयाचे आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती संविधानात आली, आणि सजीव प्राण्यांविषयी दया बाळगणे हे त्यांपैकी एका कर्तव्यात स्पष्ट सांगितले आहे. मुले ते वाचतात, कोणी पाठही करतात. परंतु दया हा शब्द पाठ करणे आणि पुवाने चिकटलेला डोळा पुसणे यांत पुष्कळ अंतर आहे.

खेड्यात मांजराला मालक असा नसतोच. कणगीतले धान्य उंदरांपासून राखावे म्हणून ते असू द्यावयाचे, उरलेसुरले घालावयाचे, इतकाच संबंध. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, अशी जुनी समजूत. म्हणून त्याला कोणी मारीत नाही; नकोसे झाले की पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येतात! पापही लागत नाही आणि त्रासही संपतो. त्या मांजराचे पुढे काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही.

तथापि, नको म्हणणाऱ्या माणसाला निर्दय ठरविण्याची घाई मी करणार नाही. शिक्षकाची अडचण खरी असते. एखाद्या मुलाला ओरखडा निघाला तर पालक जाब विचारणार, आणि औषधाचा खर्च कोणत्या खात्यात टाकावा हेही कोठे लिहिलेले नाही. शिवाय, एकदा हात लावला की जबाबदारी गळ्यात पडते, हे त्याला चांगले ठाऊक असते. माझ्या मते, जबाबदारीचे वजन आधीच कळणारा असा माणूस पुष्कळदा उत्तम पालनकर्ता निघतो. हौसेने पिलू उचलणाऱ्याची हौस चार दिवसांत फिटते.

याचे एक उदाहरण लंडन शहरातले आहे. जेम्स बोवेन नावाचा तरुण हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी त्यावरचे पर्यायी औषध घेत होता, आणि रस्त्यावर गिटार वाजवून मिळेल त्यावर गुजराण करीत होता. २००७ सालच्या वसंत ऋतूत त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक तांबूस बोका आढळला. पायाला जखम होती. बोवेनने आधी मालकाचा शोध घेतला, कारण स्वतःचाच भार ज्याला पेलवत नव्हता त्याला आणखी एक जीव नकोच होता. मालक सापडेना, तेव्हा त्याने बोक्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेले. त्या दिवशी त्याच्या जवळचे जवळजवळ सर्व पैसे औषधात गेले. पुढचे काही दिवस ठरल्या वेळी गोळ्या द्यावयाच्या, जखम पाहावयाची, खाऊ घालावयाचे, असा क्रम चालला. जखम भरल्यावर त्याने बोक्याला मोकळे सोडले. पण बोका जाईना. एके दिवशी तर तो त्याच्या मागोमाग बसमध्ये चढला. बॉब असे त्याचे नाव पडले. आपल्यावर अवलंबून असलेला हा जीव सकाळी उठण्याचे कारण ठरला, असे बोवेनने पुढे सांगितले. ते पर्यायी औषधही त्याने कालांतराने सोडले. २०१२ साली त्याने या सहवासावर पुस्तक लिहिले, २०१६ साली चित्रपट निघाला. २०२० च्या जूनमध्ये बॉब वारला, आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याचा पुतळा बसविण्यात आला.

पुतळ्याचे मला विशेष कौतुक नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो घटनांचा क्रम. आधी जखम, मग औषध, मग वेळापत्रक, आणि माया त्यानंतर कधीतरी. प्रेम उत्पन्न झाल्यावर सेवा करू म्हणणारा बसूनच राहतो.

आता शाळेपुरते बोलू. पहिली गोष्ट मुलांच्या सुरक्षिततेची. आजारी मांजर मोठ्या माणसानेच आणि जाड फडक्यात धरून हाताळावे. कोणास चावले वा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे. लस सुरू केली तर तिच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. मांजरामुळेही रेबीज होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. येथे दयेच्या नावाखाली हयगय नको. मांजराच्या अंगावर केस गळून गोल चट्टे पडले असतील, तर तो नायटा असण्याचा संभव आहे व तो मुलांना लागतो.

दुसरी गोष्ट अज्ञानी दयेची. मांजर तापलेले वाटले म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कोणी देऊ नये. मांजराच्या यकृताला ते द्रव्य पचवून टाकता येत नाही. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. मुळात मांजराचे अंग आपल्यापेक्षा ऊनच असते. निरोगी मांजराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस भरते. ते बसते त्या जागी फिनेल ओतू नये. अंग चाटताना ते पोटात जाते. दुधाची वाटी पुढे करणे ही तर आपली पिढीजात सवय, पण पुष्कळ मोठ्या मांजरांना गाईम्हशीचे दूध पचत नाही, आणि आजाऱ्याला हगवण लागली की उरलेले त्राणही जाते. सर्दीने नाक चोंदलेले मांजर खात नाही, कारण वास आल्यावाचून ते अन्नाला तोंड लावीत नाही. अशा वेळी उकळून निवविलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाक-डोळे पुसावेत, आणि मीठ निघून जाईल अशी भिजवून घेतलेली सुकट किंचित कोमट करून द्यावी. दोन दिवस पोटात काही गेले नाही तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. उपास लांबला की मांजराचे यकृत बिघडते.

हे सारे करूनही मांजर मरू शकते. मुले विचारतील, “मग औषध कशाला दिले?” त्या प्रश्नाला लगेच उत्तर देण्याचा आग्रह नसावा. मोठ्यांनी खोल खड्डा खणावा, मुलांना माती लोटू द्यावी, आणि त्या दिवशीचे गणित दुसऱ्या दिवशी घ्यावे.

माझ्या परिचयाचे एक गुरुजी द्विशिक्षकी शाळेवर होते. मुलांनी आणलेल्या एका मांजरीला त्यांनी दोनदा बाहेर काढविले. तिसऱ्यांदा पाऊस होता म्हणून राहू दिले. पशुवैद्यांनी डोळ्यात घालावयाचे मलम दिले, दिवसातून तीन वेळा. वेळा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिल्या गेल्या. मांजर धरण्याचे काम गुरुजींचे, वेळ झाल्याची आठवण देण्याचे मुलांचे. शनिवारी शाळा सुटताना एका मुलीने विचारले, “गुरुजी, उद्या रविवार. मलम कोण घालणार?” गुरुजी चार मैलांवर राहत. ते रविवारी सायकलीने आले, आणि पुढच्याही रविवारी आले. कोणी चेष्टा केली की म्हणत, “माझी नाही हो, मुलांची आहे.” तिचा एक डोळा गेला, दुसरा वाचला.

तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. मांजर जागेला धरून असते, म्हणून तिला तेथेच पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंच्या हवाली करून ते गेले. अजून ते त्या शाळेत फोन करतात. पटाची चौकशी करतात, कौले गळतात का ते विचारतात, आणि फोन ठेवता ठेवता, सहज आठवल्यासारखे, म्हणतात, “आणि ती एकडोळी? जेवते ना?”