अभयारण्य कोणी सांभाळायचं?

(गावच्या ग्रामसभेत केलेलं भाषण)



आज टिपेश्वरबद्दल बोलते. १९९७ साली या जंगलाचं अभयारण्य झालं. जवळपास १४८ चौरस किलोमीटर. वाघ वाढले, चांगलं झालं. पण वाघाले हद्दीची पाटी वाचता येत नाही. तो आपल्या पऱ्हाटीत येते, तुरीत बसते. इथलाच एक वाघ २०१९ मध्ये निघाला, तो पार बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मंग हद्दीच्या आतले साहेब एकटे हे कसं सांभाळतीन?

पांढरकवडा-राळेगाव भागात काय झालं, आठवा. दोन वर्षांत १३ माणसं गेल्याचं सांगितलं गेलं. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ ले अवनी वाघिणीले गोळी लागली. माणसंही गेली, वाघीणही गेली. वाघ कोण्या नाल्यात बसला हे पहिले गुराख्याले समजते. पण गुराख्याले विचारते कोण?

माझा बाप रात्रभर माळ्यावर जागते. रानडुकरानं पीक खाल्लं, तं भरपाईसाठी तीन चकरा मारल्या. दर वेळी एक कागद कमीच!

म्हणून कायदा समजून घ्या. वन हक्क कायदा, २००६. सामूहिक वनहक्काच्या जंगलात अभयारण्यही येते, असं त्यात लिहिलं आहे. कलम ३ मध्ये जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम ४ सांगते की हक्क ठरल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कोणाले उठवता येत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला. तिथं गावच जंगल सांभाळते.

पण हक्क मागताना आपलंही पाहा. कडू वाटन, तरी बोलते. मोहफुलं वेचायले बुडाखालचा पाला कोण पेटवते? कुंपणात करंट कोण सोडते? त्या तारेनं डुक्कर मरते, वाघ मरते, आपलं लेकरूही मरते. कलम ५ नं वन्यजीव राखायची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली आहे. मालक व्हायचं तं राखण करा लागते.

आज तीन गोष्टी ठरवू. दाव्याचा नकाशा म्हाताऱ्या माणसांले सोबत घेऊन, जंगलात फिरून करायचा. राखणीच्या पाळ्या लावायच्या, त्यात बायाही राहतीन. आणि करंटची तार आपल्या शिवारात बंद. ठराव लिहा, सह्या-अंगठे करा, पोच घ्या.

जंगल आपलं आहे, हे कामातून दाखवू.

जय सेवा! जय जोहार!